नव्या गाडीला टोचन

“आजपासून एसटी बंद!”

शिरूरच्या सुभानभाई शेखांच्या घरात ही घोषणा सकाळच्या चहाबरोबर झाली, आणि ती केली त्यांच्या बायकोनं, हसीनानं. घोषणेचं खातं हसीनाकडं आणि अंमलबजावणीचं सुभानभाईंकडं, अशी वाटणी त्या घरात लग्नापासूनच झालेली आहे. आपण बसलो नाही म्हणून एसटी बंद पडत नाही, एवढं सुभानभाईंना कळत होतं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून आत पडलं होतं, त्याच्याकडं बघत बसले.

घोषणेचं कारण दारात उभं होतं. पांढरीशुभ्र, कोरी करकरीत मोटार! शोरूममधून येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असा हसीनाचा हुकूम होता, त्यामुळं आत बसलेला माणूस जरा हलला की पापड भाजल्यासारखा आवाज यायचा.

खरं सांगायचं तर सुभानभाईंना मोटार नको होती. झोप हवी होती. रांजणगावच्या कंपनीत उभा जन्म त्यांनी फोर्कलिफ्ट चालवली. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी, परवा दुसरा कुणी आला नाही म्हणून दोन्ही! रिटायर झाल्यावर दुपारी जेवायचं, पंखा लावायचा आणि आडवं व्हायचं, याच्यापलीकडं त्यांचा काही बेत नव्हता. पण एकुलती एक लेक रुबी दौंडला सासरी, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. सतवाशाची चोळी-बांगडी करून तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “प्रवासात धक्के नकोत.” हसीनानं त्याचा अर्थ ‘मोटार घ्या’ असा लावला.

“अवं, माझी लेक काय एसटीच्या मागल्या सीटवर उडत उडत येनार व्हय?”

शेखांच्या घरात एरवी दखनी बोलतात. हसीनाही शांत असली की दखनीच बोलते. पण भांडायचं म्हटलं की तिला मराठीच पुरते. मोटारीचा विषय निघाल्यापासून ती मराठीतच बोलत होती. सुभानभाईंनी फार ताणलं नाही. रातपाळी करून घरी आलेला माणूस वाद घालत नाही, आणि सुभानभाईंच्या अंगातली रातपाळी अजून उतरायची होती.

तर शनिवारी सकाळी दोघं निघाले. मागच्या सीटवर गुलगुल्यांचा डबा, फळांची करंडी, हिरव्या बांगड्या, रुबीची नवी साडी. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळं वळण आलं की सुभानभाई आधी मागं बघायचे आणि हसीना ओरडायची, “पुढं बगा, पुढं! दौंड पुढं हाय!” एसी इतका लावलेला की ती शाल गुंडाळून बसली होती. पण कमी करू देईना.

“घेतलाय तर लावायचा!”

न्हावरं गेलं. दोन्ही बाजूंना ऊस लागला. हसीनाचे फोनवर फोन चालले होते. “हां, दौंडलाच चाललोय. न्हाई, न्हाई, एसटी कुठली! आपली गाडी हाय आता!” सुभानभाईंना एवढी जांभई आली की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून त्यांना समोर एक म्हैस दिसली. त्यांनी ब्रेक दाबला, क्लच दाबला. म्हैस निवांत पलीकडं गेली. ब्रेकवरचा पाय उचलला, ब्रेक वर आला. क्लचवरचा पाय उचलला.

क्लच वर आला नाही.

सुभानभाईंनी खाली वाकून बघितलं. पेडल जमिनीला टेकलं होतं, मेलेल्या पालीसारखं. त्यांनी त्याच्याखाली चपलेचं टोक घालून ते वर ओढलं. सोडलं की परत खाली.

“काय झालं?” हसीना म्हणाली.

“क्लच वर येईना.”

“मग खालीच ठिवा अन् चला की!”

गाडीत सगळं चालू होतं. इंजिन चालू, एसी चालू, दिवे चालू. फक्त गाडी चालत नव्हती. शेवटी गिअर काढून सुभानभाईंनी दारातून एका हातानं स्टिअरिंग धरलं, हसीनानं नव्या जरीच्या ओढणीचा कासोटा मारला आणि दोघांनी ढकलून मोटार रस्त्याच्या कडेला घेतली. ज्यांना ज्यांना हसीनानं फोन केले होते त्यांच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं येऊ नये, अशी दुवा सुभानभाईंनी मनातल्या मनात मागितली.

मग कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन. बरंच गाणंबजावणं ऐकल्यावर पलीकडून एक गोड आवाज आला.

“सर, क्या आप सुरक्षित जगह पर हैं?”

सुभानभाईंनी हसीनाकडं बघितलं. तिचा चेहरा बघून या प्रश्नाला खरं उत्तर देणं त्यांना बरं वाटलं नाही. “हां,” ते म्हणाले.

“सर, नजदीकी लँडमार्क?”

“ऊस.”

“जी सर? कोई और लँडमार्क? सामने?”

“सामनेबी ऊस.”

“सर, आपकी गाडी तो एकदम नयी है. नयी गाडी में ऐसा नहीं होता.”

“हुवा ना लेकिन!”

“जी सर. होना नहीं चाहिए था.”

गाडी येईल, वाट बघा, असं सांगून गोड आवाज गेला. वाट बघता बघता ऊन वर आलं. मग कंपनीच्या मेकॅनिकचा फोन. “चाचा, मी कासुर्डीत हायवेला उभाय. तुमी दिसंना!”

“कासुर्डीत कशाला? आमी न्हावऱ्याच्या पुढं हाय!”

“मला तर कासुर्डीच लिहून आलंय. बरं, येतो. मधी जेवून येतो.”

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. मागं उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं चार भोंगे आणि त्या भोंग्यांतून हळदीची गाणी इतक्या जोरात की रस्त्यावरचे खडे नाचत होते. चालवणाऱ्यानं गाडी थांबवली, गाणं थांबवलं, खाली उतरला. जयसिंग त्याचं नाव. मोठा दिलदार माणूस! त्याचा दिलदारपणाच पुढं नडला.

“काय चाचा, कोरी गाडी अन् बसली व्हय?”

“क्लच गेला.”

“हात्तिच्या! टोचन लावू. चौफुल्याच्या गॅरेजपाशी सोडतो तुमाला. तिथनं दौंड काय, हितं तर हाय!”

टोचन म्हणजे एका गाडीनं दुसरीला दोरानं ओढत न्यायचं. सुभानभाई कां-कूं करायला लागले. पण हसीनानं मेकॅनिकचं ‘जेवून येतो’ ऐकलं होतं. “लावा!” ती म्हणाली. जयसिंगनं उसाचा जाडजूड दोर काढला, दुसऱ्या ट्रॉलीच्या मागं बांधला, मोटारीच्या पुढच्या हुकात अडकवला आणि वरात निघाली.

होय, वरातच! पुढं हळदीची गाणी, मधी उसाचे डोंगर आणि मागं पांढरी मोटार, आत शाल पांघरलेली हसीना. समोरच्या काचेतून ऊस सोडून काही दिसत नव्हतं. वाटेतल्या वस्तीवरच्या बायका हात करायला लागल्या. हसीनानं ओढणी तोंडावर ओढली. तशी त्यांची खात्रीच पटली असणार की आत नवरी आहे.

अशा वेळी रुबीच्या सासऱ्यांचा, बादशाभाईंचा फोन आला. “पाहुणे, कुठवर आलात?”

“हे काय, आलोच!” हसीना म्हणाली. “चौफुल्यावर चहा घेतोय!”

“बरं बरं, सावकाश या. तिथं कुणाची हळद हाय वाटतं?”

“व्हय, व्हय,” हसीना म्हणाली आणि फोन बंद केला.

एवढ्यात ट्रॅक्टरनं डावीकडं वळायची बत्ती दिली.

“हिकडं कुठं?” सुभानभाई म्हणाले. त्यांनी हॉर्न दिला. भोंग्यांपुढं तो हॉर्न म्हणजे पोळ्याच्या ढोलापुढं पिपाणी! काच खाली करून ओरडले, तर तोंडात पाचट गेलं. ब्रेक दाबावा, तर दोर तुटायचा नाही, नवी मोटारच मधून तुटायची. पेरूच्या बागा गेल्या, मोठी कमान आली, कमानीवर ‘आपले सहर्ष स्वागत’ आलं आणि सुभानभाई सहकुटुंब साखर कारखान्यात दाखल झाले.

आत उसाच्या वाहनांची रांग. जयसिंगनं ट्रॅक्टर रांगेत लावला, गाणी बंद केली, उतरून अंग मोडलं, मागं आला आणि जागीच थबकला.

“आयला! चाचा, तुमी अजून हायच व्हय?”

“आता कुठं जाऊ?” सुभानभाई म्हणाले. “दोर तर तूच बांधलायस!”

“नंबर गाठायच्या नादात चौफुला डोक्यातनं पार गेला की वो!” बिचाऱ्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दोर सोडायला गेला. पण सोडून उपयोग काय? मागं तोवर आणखी तीन ट्रॅक्टर येऊन चिकटले होते. पुढं उसाची भिंत, मागं उसाची भिंत, एका अंगाला पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या अंगाला बैलगाड्यांची रांग. गेटवरच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, “आत आलेली गाडी वजनकाट्यावरनंच भाईर जाती.”

“आवो पन आमच्यात ऊस न्हाई!”

“त्ये काट्यावर कळंल.”

सुभानभाई परत येऊन सीटवर बसले. पापड भाजल्यासारखा आवाज झाला. हसीना आता गप्प होती, आणि ते मराठीपेक्षा वाईट होतं. मेकॅनिकचा फोन आला. “चाचा, मी न्हावऱ्याच्या पुढं आलो. तुमी कुठंय?”

“कारखान्यात.”

“तुमी गाडी स्वतः कारखान्यात नेली? पार चाकणला?”

“साखर कारखान्यात!”

मेकॅनिकनं हलक्या आवाजात विचारलं, “चाचा, कोणत्या? हिकडं लई हायत.”

त्याला पत्ता सांगून झाल्यावर सुभानभाईंच्या हाताला सीटखालचा दांडा लागला. त्यांनी तो सहज ओढला. सीट अलगद मागं गेली. आहाहा! एसीचा गार वारा, काचांबाहेर ऊस हलल्याचा आवाज, मळीचा गोडसर वास. सुभानभाईंच्या मनात आलं, मोटार ही वस्तू चालली नाही तर फार चांगली आहे. आणि त्यांचा डोळा लागला.

काचेवरच्या टकटकीनं ते जागे झाले. बाहेर रुबी उभी होती! हिरवा ड्रेस, गोल झालेलं पोट, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. तिच्यामागं बादशाभाई, हातात टोपी घेऊन अदबीनं उभे.

“अब्बा, तुम्ही सकाळी मोबाईलवर लोकेशन पाठवलं होतं ना, ते कारखान्यातच येऊन थांबलं. अम्मी म्हणती चौफुल्यावर चहा. म्हटलं, कारखान्यात कोणता चहा मिळतो ते बघून तरी यावं!”

दौंडात बादशाभाईंचा लग्नाच्या जेवणाच्या देगांचा, म्हणजे मोठ्या हंड्यांचा, धंदा. देगा वाहायची त्यांची जुनी व्हॅन गेटबाहेर उभी होती. ते काही लागट बोलले असते तर बरं झालं असतं, असं सुभानभाईंना वाटलं. ते फक्त म्हणाले, “भाईसाब, यंत्र हाय. माणूस बंद पडतो, तर यंत्राचं काय?”

हसीनाला तेवढ्यात रडू कोसळलं. “तुझ्यासाठी गं घेतली! तुला धक्का लागू नये म्हणून! आन् तुलाच व्हॅनीत बसून यावं लागलं आम्हाला सोडवायला!”

आईला रडताना बघून रुबीचं हसू थांबलं. तिनं मागचं दार उघडलं, करंडी सरकवली आणि आत बसली.

“अम्मी, किती गार हाय गं! मी हितंच बसते. गुलगुले दे.”

पोटुशी बाई रांगेत अडकलीय ही बातमी पुढच्या ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत जयसिंगनं पोचवली. “सरका की वो, दोन जिवाची हाय!” बोंब इतकी मोठी की पुढच्या दोघांनी आपापल्या ट्रॉल्या बाजूला चेपल्या आणि जयसिंगला पुढं काढलं. तो ट्रॅक्टरवर चढला. यावेळी गाणं लावताना त्यानं मागं वळून विचारलं, “ताई, आवाज कमी ठिवू का?”

“राहू द्या!” रुबी म्हणाली.

आणि मोटार निघाली. पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. मागच्या सीटवर रुबी, तिच्या मांडीवर गुलगुल्यांचा डबा, शेजारी हसीना तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. सुभानभाई स्टिअरिंग धरून आरशातून मागं बघत होते. एक धक्का बसला नाही, एक! दौंड ते शिरूर असंच आणायचं होतं लेकीला. काट्यापर्यंत का होईना, आणलं.

काट्यावर मोटारीची पुढची चाकं चढली आणि तिथल्या भोंग्यातून वजन करणाऱ्या केबिनमधल्या माणसाचा आवाज आला. “जयसिंग! मागं काय आणलंय? ऊस पांढरा कवापासनं झाला?”

“पाव्हणे हायत!”

“पाव्हणे काट्यावर चालत न्हाईत! किती जण हायत आत?”

रुबीनं काच खाली केली आणि ओरडली, “साडेतीन!”

अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं हसू भोंग्यातून बाहेर पडलं. रांगेतले ट्रॅक्टरवाले हसले, वॉचमन हसला, बादशाभाईंनीही तोंडासमोर टोपी धरली. हसीना रडत होती, तिला हसू आलं. सुभानभाई तेवढे हसले नाहीत. हसायलाही त्राण लागतं.

काट्यापलीकडं कंपनीचा ट्रक येऊन थांबला होता, मोटार पाठीवर घेऊन जाणारा. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वाकला, पेडल खालीवर केलं, परत वाकला.

“चाचा, नव्या गाडीत असं होत न्हाई.”

“मला म्हाइती हाय,” सुभानभाई म्हणाले.

“वर्कशॉपलाच न्यावी लागंल. पन ते आता बंद होतंय अन् उद्या रविवार. आज तुमच्या दारात उतरवतो, सोमवारी उचलायला येतो.”

बादशाभाईंनी व्हॅनमध्ये मागं गाद्या अंथरल्या होत्या. रुबी आणि हसीना त्यांच्याबरोबर पुढं गेल्या. सुभानभाई ट्रकच्या केबिनमध्ये बसले, मोटार ट्रकच्या पाठीवर बसली. ते शिरूरला गल्लीत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. व्हॅन कधीच येऊन, रुबीला सोडून, चहासुद्धा न घेता परत गेली होती. व्याही भला माणूस! झाल्या प्रकाराबद्दल घरी जाऊन बायकोला नाही, पोराला नाही, कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही, असं त्यांनी हसीनाला वचन दिलं होतं. आणि पाळलं. पुढचा घोटाळा तिथंच झाला.

रुबीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायला शेजारच्या साखरबाई आल्या होत्या. त्या दारातच उभ्या होत्या. ट्रकवर दिमाखात चढलेली पांढरी मोटार त्यांनी बघितली, तिच्यावरचं ऊन गेलेलं, पण चकचकीत काचांवर दिव्यांचा उजेड पडलेला. सीटवर प्लास्टिक तसंच. साखरबाईंचे डोळे मोठे झाले.

“अगं बया! सुभानभाई! दुसरी घेतली?”

सुभानभाईंनी तोंड उघडलं. म्हैस, क्लच, कासुर्डी, जयसिंग, हळदीची गाणी, कमान, काटा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढनं गेलं. आता ते सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे आणखी एक पाळी भरण्यासारखं होतं. गल्लीतल्या आणखी चार बायका जमल्या होत्या.

“व्हय,” सुभानभाई म्हणाले.

“आन् मग पयली?”

“पयली... दौंडला ठिवली. जावयाला.”

दारात हसीना येऊन उभी होती. तिनं सुभानभाईंकडं अशी नजर टाकली की त्यांना परत ट्रकमध्ये चढावंसं वाटलं. पण बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. “जावयाला मोटार दिली!” “सतवाशाला मोटार!” “माझ्या बापानं स्टोव्ह दिला न्हवता बाई!” ते ऐकता ऐकता हसीनाची मान ताठ व्हायला लागली. ओढणी तिनं डोक्यावर नीट घेतली.

“मग! एकच लेक हाय आमची,” ती म्हणाली. “तिला न्हाई द्यायची तर कुणाला?”

रुबीनं आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसलं.

त्या रात्री सुभानभाई मेल्यासारखे झोपले. रविवारी सकाळी उन्हं अंगावर आली तरी झोपलेलेच होते. उशाचा फोन वाजून वाजून थकला, मग पुन्हा वाजायला लागला, तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच तो कानाला लावला. दौंडहून जावई, सलमान. रेल्वेतल्या पोराची ड्युटी रात्री संपली होती.

“सलामवालेकुम अब्बा! आवो कशाला एवढं करायचं? शिरूरहून सकाळपासनं सगळ्यांचे मुबारकबादीचे मेसेज येतायत! आमचे अब्बा तर विचारलं की नुसते गालातल्या गालात हसतायत, एक शब्द बोलंनात. म्हटलं, तुमी दोघांनी मिळून सरप्राईज ठरवलंय!”

सुभानभाई उठून बसले.

“फक्त एवढं सांगा अब्बा,” सलमान म्हणाला, “कुठं उभी केलीय? किल्ली घरात सापडंना. मी स्टेशनपासनं नगरमोरीपर्यंत तीनदा फिरून आलो, मित्रंबी संगं हायती, पेढेबी घेतलेत. पन गाडी काय दिसंना!”

सुभानभाईंनी फोन हसीनापुढं धरला. हसीनानं हात मागं घेतला.